ख्रिस्तपुराणांतील विसावा

फादर तॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाचें नांव निघालें कीं आपल्याकडील विद्वानांस पहिल्या अवस्वरूंतील मराठी भाषेची स्तुति आठवते, आणि बहुधा तेवढीच आठवते. तेवढ्या ओव्या क्रमिक पुस्तकांतून आल्या, संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांतून आल्या, आणि वाङ्मयाच्या इतिहासांतूनहि त्याच पुन्हां पुन्हां उतरल्या. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाची कीर्ति हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओव्यांवर उभी राहावी, हें ग्रंथाचें भाग्य कीं दुर्दैव, हें सांगणें कठीण आहे. भाषेची स्तुति ही त्या पुराणाची ओसरी होय. ओसरीवरील कोरीव खांब पाहून पाहुणा परत फिरला, माजघरांत काय आहे हें त्यानें पाहिलेंच नाहीं, असा हा प्रकार झाला आहे.

माजघरांत काय आहे? आमच्या मतें तेथें एका प्रश्नाचें उत्तर देण्याचा यत्न आहे, व तो प्रश्न असा: ज्या लोकांचीं देवळें गेलीं, पोथ्या गेल्या, सणवार बदलले, आणि नांवेंहि बदललीं, त्यांच्या जिवाला विसावा कोठें मिळावा? ख्रिस्ती धर्म आपल्या अनुयायास अशा विसाव्याचें वचन देतो. स्टीफन्सनें तें वचन मराठी ओवींत आणिलें. तें नुसतें शब्दांत आलें कीं ऐकणाराच्या अंतःकरणापर्यंत पोंचलें, याचा विचार अद्याप कोणी नीट केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. विसावा हा शब्द आम्हीं येथें विवेचनाच्या सोयीसाठीं घेतला आहे. कवीनें तो शब्द कितीदां योजिला याची मोजदाद करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे.

प्रथम काल व स्थल लक्षांत घेतलें पाहिजे. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें. साष्टी प्रांतांतील देवळें १५६६-६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतला. १५७५ मध्यें रोम येथें तो येशूसंघांत दाखल झाला, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडून त्याच सालच्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. येथून त्यानें आपल्या वडिलांस लिहिलेलें पत्र हॅक्लूटच्या संग्रहांत छापलें गेल्यामुळें तो इंग्रजी वाचकांस पूर्वींपासून ठाऊक आहे. १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो गोव्यांतच राहिला, व त्यांतील बहुतेक काळ साष्टींत होता. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेसुइटांस ठार मारिलें, आणि पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्या गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या कोटांत बोलावून मारिलें. मारल्या गेलेल्या पाद्र्यांचीं प्रेतें परत मिळविण्याच्या कामीं जो मनुष्य पुढें झाला तो हाच स्टीफन्स. त्यानें नंतर जें पुराण रचिलें तें अशा भूमीवर रचिलें, ही गोष्ट वाचकानें विसरूं नये.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यांतील एक विसंगतिहि येथेंच नमूद करावी असें वाटतें. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या अंमलांत रोमन पंथाची उपासना हा गुन्हा ठरला होता. स्टीफन्सचा जिवलग मित्र तॉमस पाउंड याच्या आयुष्यांतील पुष्कळ वर्षें याच कारणास्तव तुरुंगांत गेलीं. म्हणजे ज्याच्या धर्माला त्याच्या मायदेशांत थारा उरला नव्हता असा हा देशत्यागी पुरुष, जेथें त्याच्याच पंथाच्या सत्तेनें दुसऱ्याच्या धर्माचा थारा मोडला अशा प्रांतीं येऊन राहिला. या विसंगतीची जाणीव त्याला कितपत होती हें त्याच्या ग्रंथांत उघडपणें कोठें लिहिलेलें नाहीं. तरीपण उपऱ्या झालेल्या माणसाचें दुःख त्याला परकें नव्हतें इतकें म्हणण्यास हरकत नाहीं, आणि त्या ग्रंथाच्या स्वरांत जें मार्दव आहे त्याचा एक उगम येथें असावा असें आम्ही समजतों.

पुराण रचण्याचें निमित्त कवीनें स्वतः सांगितलें आहे, आणि आमच्या दृष्टीनें भाषेच्या स्तुतीपेक्षां तो भाग अधिक मोलाचा आहे. इगर्जींत ख्रिस्ती शिकवण चालू असतां नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो, कीं आमचीं जुनीं पुराणें वाचण्याची तुम्हीं मनाई केलीत, तर त्यांच्या जागीं दुसरीं पुराणें आम्हांस कां देत नाहीं? हा संवाद जसाच्या तसा घडला असेल वा कवीनें पुराणरचनेच्या रीतीस अनुसरून श्रोता कल्पिला असेल; त्यानें फारसा फरक पडत नाहीं. मागणी खरी आहे. या मागणीचा रोंख कोणीकडे आहे हें मात्र बारकाईनें पाहावें. त्या ब्राह्मणास सिद्धांत नको आहे. सिद्धांत त्याला प्रश्नोत्तररूपानें नित्य पढविला जात होता, व असें एक प्रश्नोत्तरांचें पुस्तक खुद्द स्टीफन्सनेंच तेथील लोकभाषेंत लिहिलें, जें त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्याला हवें आहे तें ऐकावयास पुराण. दिवसाचें काम आटोपल्यावर चार माणसें एकत्र जमतात, एकजण ओवी म्हणतो, बाकीचे ऐकतात, आणि ऐकतां ऐकतां मनावरचें ओझें उतरतें, हा जो पिढ्यांचा परिपाठ तो तुटला होता. श्रद्धेचा विषय बदलला तरी विसाव्याची जागा तीच राहिली होती, आणि ती जागा रिकामी होती.

ती रिकामी कशी झाली याचा पुरावाहि आतां उपलब्ध आहे. पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत सोळाव्या शतकांतील कांहीं बाडें आहेत, ज्यांत रामायण-महाभारतांतील कथा गोव्याकडील कोंकणी व मराठी भाषेंत, परंतु रोमन अक्षरांत उतरून घेतलेल्या आहेत. त्या पाद्र्यांनीं शिक्षणासाठीं व खंडनासाठीं उतरविल्या. ज्या साष्टींत शके १४४८ मध्यें कृष्णदास शामानें कृष्णचरित्रकथा लिहिली, त्या साष्टींतील लोकांच्या जिभेवरचें वाङ्मय असें समुद्रापलीकडे जाऊन सुरक्षित राहिलें, आणि येथें त्याचा उच्चार करण्याची चोरी झाली. संग्राहकांस हें सांगावयास नको, कीं पोथी वांचणें आणि पोथी नांदणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या रिकाम्या जागेंत स्टीफन्सनें काय ठेविलें? त्यानें प्रथम घाट तोच ठेविला. ओवी तीच, पहिल्या तीन चरणांस यमक व चौथा मोकळा. आरंभीं वंदनें तींच, फक्त वंद्य देवता निराळ्या. मध्यें मध्यें श्रोत्याची शंका व वक्त्याचें समाधान, हाहि पुराणांचाच शिरस्ता. स्टीफन्स गोव्यास आला तेव्हां पैठणास एकनाथ हयात होता, आणि त्यानें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तें साल शके १५०६, म्हणजे कुंकळ्ळीच्या प्रकरणानंतरचें पुढचेंच वर्ष. दोघांची गांठ पडल्याचें कोठें नमूद नाहीं व पडण्याचें कारणहि नव्हतें. परंतु एकाच काळीं एकच ओवी गोदातीरीं व जुवारीच्या तीरीं दोन निराळ्या प्रयोजनांसाठीं राबत होती, हें मराठीच्या इतिहासांत मनोरंजक नव्हे काय? भाषेविषयींहि कवीचें धोरण श्रोत्याच्या सोयीचें आहे. मुख्य बांधणी मराठीची ठेवून सामान्य जनांस कळावें म्हणून तिच्यांत तेथील लोकांच्या बोलींतील सोपे शब्द आपण मिसळले आहेत, असें त्यानें आपल्या गद्य प्रस्तावनेंत स्पष्ट म्हटलें आहे. पांडित्य मिरविणाऱ्यानें हें केलें नसतें.

आतां विषयाकडे वळूं. ख्रिस्ती शास्त्रांतील विसाव्याची कल्पना आपल्या इकडील कल्पनेहून कोठें भिन्न आहे हें समजल्याशिवाय या ग्रंथाचें मर्म कळणार नाहीं. बायबलाच्या आरंभींच ती येते. सहा दिवस सृष्टि करून ईश्वरानें सातव्या दिवशीं विसावा घेतला, म्हणून तो दिवस पवित्र झाला. तेथून पुढें हीच कल्पना देशाच्या रूपानें येते; मिसर देशांतील दास्यांतून सुटलेल्या लोकांस वचनदत्त भूमि ही विश्रामाची भूमि वाटते, परंतु तेथें पोंचूनहि विश्राम पुरा होत नाहीं. नव्या करारांत ती एका व्यक्तीच्या ठायीं येते. कष्टी व भाराक्रांत जनांस येशू आपणाकडे बोलावितो (मत्तय ११:२८). पुढें ऑगस्टीननें आपल्या आत्मनिवेदनाच्या आरंभींच मानवी हृदयाची अस्वस्थता व तिचें ईश्वरांत शमणें हा विचार मांडिला, तो पश्चिमेकडील सर्व भक्तिवाङ्मयाचा पाया झाला. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: विसावा हा वाटेच्या शेवटीं आहे. मध्यें वाट आहे, काळ आहे, आणि वाट पाहणें आहे. वेदांत्याचा विसावा वाट मुळींच नव्हती हें कळण्यांत असतो. वारकऱ्याचा विसावा मात्र वाटेशिवाय नाहीं. त्याला पंढरीपर्यंत चालून जावें लागतें. म्हणून ख्रिस्ती कल्पनेला मराठींत सोयरीक शोधावयाची तर ती अद्वैतांत न शोधतां वारींत शोधावी, असें आमचें मत आहे. आणि स्टीफन्सनें तीच शोधली, तत्त्वज्ञान करून नव्हे, तर कथेच्या मांडणीनें.

पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून आदि मातापित्यांचें पतन, जलप्रलय, मोशे, दाविद व प्रवादी यांच्या कथा येतात. दुसऱ्यांत येशूचा जन्म, चरित्र, मरण व पुनरुत्थान. ही केवळ कालानुक्रमाची वांटणी नव्हे. पहिलें पुराण म्हणजे हरवलेल्या घराची व येणाऱ्याच्या प्रतीक्षेची कथा. दुसरें म्हणजे त्याच्या येण्याची. ज्यांचें स्वतःचें घर नुकतेंच मोडलें आहे त्यांस आदि मातापित्यांचें वनांतून बाहेर घातलें जाणें, इस्राएल लोकांचें परमुलखांत राबणें व बाबेल देशींचा त्यांचा बंदिवास हीं प्रकरणें ऐकतांना काय वाटलें असेल? परकीयाचा इतिहास म्हणून त्यांनीं तीं ऐकलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं. पाद्र्यास त्यांतून जो अर्थ सांगावयाचा होता तो एक, आणि कुळागरांत पाणी लावून दमून आलेल्या श्रोत्यानें जो घेतला तो कदाचित् दुसरा. परंतु कथेच्या पोटांत दोहोंस जागा आहे. उत्तम पुराणाचें लक्षण तरी दुसरें कोणतें?

शब्दयोजनेंत कवीनें जें धाडस केलें त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो, येशूस विश्वतारक म्हणतो. कांहीं टीकाकारांनीं यास युक्ति म्हटलें आहे. जुन्या भांड्यांत नवें औषध घालून पाजण्याची ही चतुराई, असा त्यांचा भाव. आमचें मत याहून निराळें आहे. माणूस रडतो व शांत होतो तो लहानपणीं कानीं पडलेल्या शब्दांनींच. पढविलेल्या शब्दांनीं तो उत्तरें देऊं शकतो, पण विसावूं शकत नाहीं. वैकुंठ या शब्दांत साष्टीच्या श्रोत्याची आजी होती, कीर्तन होतें, मरणाच्या वेळीं कानांत सांगितलेलें नांव होतें. तो शब्द काढून लॅटिन शब्द घातला असता तर शास्त्र कदाचित् अधिक निर्दोष झालें असतें, पण पुराण झालें नसतें. अर्थात् या सवलतीची किंमतहि आहे, व ती कवीनें दिलेली आहे. वैकुंठ म्हटल्यावर श्रोत्याच्या डोळ्यांपुढें कोण उभा राहतो यावर पाद्रीचा ताबा राहत नाहीं.

कारुण्याच्या स्थळीं ग्रंथ विशेष चढतो. येशूच्या यातना व मरियेचा शोक यांच्या वर्णनांत कवि वाद विसरतो, सिद्धांत विसरतो, आणि एका आईजवळ बसतो. येथें ओवीला जी संथ गति येते ती वाचून नव्हे, तर मोठ्यानें म्हणून पाहावी. त्याचप्रमाणें जेथें कोंकणची झाडें, फळें, फुलें यांनीं तो पूर्वेकडील पवित्र भूमीस सजवितो तेथें त्याच्या चाळीस वर्षांच्या वास्तव्याचें सार्थक दिसतें. उलटपक्षीं जेथें मूर्तिपूजेचें खंडन सुरू होतें तेथें रंग उडतो. ती ओवी ऐकणाऱ्यास जिंकूं पाहते, आणि जिंकला गेलेला मनुष्य विसावत नसतो. हे भाग त्या काळीं कवीवर बंधनकारक असतील, छापण्याची परवानगी मिळण्यास उपयोगीहि पडले असतील. परंतु कालमहिमा म्हणून दोषास गुण म्हणतां येत नाहीं. खंडनाचे प्रसंग वगळून ग्रंथाची निवडक आवृत्ति काढावी अशी सूचना अधूनमधून ऐकूं येते, ती मात्र आम्हांस मान्य नाहीं. व्रण झांकून चरित्र लिहूं नये.

आतां मुख्य आक्षेप. ज्या हातानें पोथी हिरावून घेतली त्याच हातानें दुसरी पोथी दिली, तर त्या देण्यांतील विसावा खरा कसा मानावा? हा आक्षेप हलका नाहीं व आम्ही तो टाळूं इच्छीत नाहीं. देणाऱ्याच्या हेतूवरून याचा निकाल लागणार नाहीं. हेतु सांगणारे कागद देणाऱ्याच्याच दप्तरांत असतात, आणि त्यांवर एकतर्फी विश्वास ठेवणें हें संशोधन नव्हे. घेणारानें तें कसें घेतलें हें पाहिलें पाहिजे. आणि घेणारा बहुधा कांहीं लिहून ठेवीत नाहीं. येथें हस्तलिखितें आमच्या मदतीस येतात.

पुराण रायतूर येथें १६१६ सालीं छापलें गेलें. त्याच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्यें निघाल्या. रविवारीं व सणांच्या दिवशीं उपासनेनंतर तें इगर्जींत वाचीत. येथपर्यंत त्याच्या पाठीशीं संघ होता, छापखाना होता, अधिकार होता. पुढें वारा फिरला. १६८४ च्या जूनांत विजरई कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं तेथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज शिकावी व आपली भाषा सोडावी. छापील पुराण पुन्हां निघालें नाहीं, आणि पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ आपणांपर्यंत आला कसा? माणसांनीं तो हातानें लिहून काढला म्हणून आला. अकरा हजार ओव्या बोरूनें वा पिसानें उतरविणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्याला महिनेच्या महिने लागतात, कागद लागतो, दिव्याला तेल लागतें. सक्ति होती ती उलट दिशेची. ज्या भाषेविरुद्ध हुकूम निघाला त्या भाषेंतला ग्रंथ लोक उतरवीत राहिले, वाचीत राहिले, मुलांस शिकवीत राहिले. माणूस भयानें प्रार्थना म्हणेल, भयानें इगर्जींत जाईल. भयानें तो अकरा हजार ओव्या लिहीत बसणार नाहीं. आमच्या दृष्टीनें हाच खरा दाखला होय. प्रथम तें पुराण दिलेलें होतें. नकलांच्या काळांत तें घेतलेलें झालें.

गोव्यांतून दक्षिणेकडे कानडा प्रांतीं गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें बरोबर नेलें. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेलें, व १७९९ पर्यंत ते त्या बंदिवासांत राहिले. त्यांच्या इगर्ज्या पाडल्या गेल्या. या पंधरा वर्षांत पुराणाच्या ओव्यांनींच त्यांस धीर दिला, अशी परंपरा त्या समाजांत सांगतात. परंपरेस कागदाचें मोल देतां येत नसलें तरी तिच्यांतील सूचकता लक्षांत घेण्याजोगी आहे: देवळें पाडलेल्यांसाठीं रचिलेलें काव्य सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं, इगर्ज्या पाडलेल्यांच्या, म्हणजे बव्हंशीं त्यांच्याच वंशजांच्या, उपयोगास आलें. त्या भागांत कांहीं इगर्ज्यांतून विशेष प्रसंगीं पुराण म्हणण्याची चाल विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत टिकून होती.

या ठिकाणीं तुलनेसाठीं दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेख करणें योग्य होईल. फ्रेंच जेसुइट एत्येन द ला क्रुआ यानें सेंट पीटरच्या चरित्रावर मोठें पुराण रचिलें, व तेंहि १६२९ ते १६३४ च्या दरम्यान छापलें गेलें. विद्वत्तेंत तें उणें नाहीं. परंतु खंडनाचा भर त्यांत फार असल्यामुळें तें अभ्यासकांचेंच राहिलें. लोकांच्या तोंडीं बसलें नाहीं. एकच संघ, एकच काळ, आणि जवळजवळ एकच छंद. फरक पडला तो विसाव्याचा, असें आम्हांस वाटतें.

अलीकडच्या काळांतील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें उदाहरण याहून सर्वस्वी निराळें, म्हणून थोडक्यांत सांगतों. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्यें मुंबईस झाला. तो त्यांच्या स्वतःच्या शोधाचा शेवट होता, कोणाच्या हुकुमाचा नव्हे. तुकारामाच्या वाटेनें आपण ख्रिस्तापर्यंत आलों अशी त्यांची धारणा होती. त्यांनीं आरंभिलेलें ख्रिस्तायन त्यांच्या पश्चात् लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. एकाचा विसावा घरांतील दुसऱ्यास किती महाग पडतो हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें वाचावीं. टिळकांस जुनें वाङ्मय मोकळें होतें, म्हणून ते त्यावर पाय ठेवून पुढें जाऊं शकले. साष्टीच्या श्रोत्यास तें बंद होतें, म्हणून त्याला जुन्याचा आभास नव्यांत शोधावा लागला.

शेवटीं पाठाचा प्रश्न राहतो, आणि तो या नियतकालिकाच्या वाचकांच्या विशेष अधिकारांतला आहे. आज अभ्यासकाच्या हातीं जीं छापील पुस्तकें आहेत त्यांत पहिली आवृत्ति जोसेफ सालढाणा यांची, मंगळूर येथें १९०७ मध्यें निघालेली. त्यांनीं अनेक हस्तलिखितें ताडून रोमन अक्षरांत ग्रंथ छापला व त्यास चरित्र, सारांश व शब्दसूचि जोडली. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्या आवृत्तीवरून शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें पुणें येथें नागरी आवृत्ति काढली. १९९६ मध्यें कॅरिदाद द्रागो यांची गद्यानुवादासह आवृत्ति मुंबईस निघाली. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं फादर नेल्सन फाल्काव यांनीं पुन्हां हस्तलिखितांचा आधार घेऊन संपादन केलें. या सर्वांच्या मागें रोमन परंपरा आहे.

दुसरी परंपरा नागरीची. सुमात्राचा इतिहासकार विल्यम मार्सडेन याचा संग्रह १८३५ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजास मिळाला, व तेथून तो १९१७ मध्यें पौर्वात्य भाषांच्या विद्यालयाकडे गेला. त्यांत या पुराणाची नागरी पोथी होती. मराठी संतकवींचे भाषांतरकार डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांनीं ती १९२० नंतरच्या वर्षांत उजेडांत आणिली, आणि हीच मूळ संहिता असा अभिप्राय दिला. रोमन प्रतींत जेथें लॅटिन वा पोर्तुगीज पारिभाषिक शब्द आहेत तेथें या पोथींत बहुधा संस्कृत शब्द दिसतात, हा दोहोंतील मुख्य भेद. अ‍ॅबट यांच्या पक्षीं एक गोष्ट आहे: १६०८ च्या पत्रांत स्टीफन्सनें देशी लिपींत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली असून, युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागीं सुमारें सहाशें ठसे लागतील ही अडचण सांगितली आहे. म्हणजे नागरी त्याच्या मनांत होती. परंतु मनांत असणें व हातीं उतरणें यांत अंतर आहे, आणि संस्कृत शब्दांचा नेमका आग्रह हा मूळ कवीचा कीं मागाहून कोणा सुसंस्कृत लेखकाचा, हें केवळ इच्छेच्या पुराव्यावरून ठरत नाहीं. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. ज्या कवीनें लोकांस कळावें म्हणून बोलींतले शब्द मिसळले, तो स्वतःच ठायीं ठायीं संस्कृत घालील हें संभवनीय वाटत नाहीं.

तथापि नागरी पोथी गौण ठरली तरी तिचा उपयोग कमी होत नाहीं. रोमन लिपींत स्टीफन्सची पद्धति मोठी चतुर आहे. मूर्धन्य वर्ण दाखविण्यास तो अक्षर दुहेरी लिहितो, म्हणूनच सालढाणांच्या पुस्तकाच्या नांवांत पुराण या शब्दाचा णकार दोन नकारांनीं छापलेला आहे. परंतु ऱ्हस्वदीर्घ त्या लिपींत नेहमीं राखले जात नाहींत, आणि ओवीस मात्रांचें बंधन नसल्यामुळें छंदाच्या आधारें तें ठरविण्याची सोयहि नाहीं. दिन आणि दीन यांत निवड करावयाची तर संपादकास केवळ अर्थावर विसंबावें लागतें. श्रमलेल्याच्या दिवसाची गोष्ट चालली आहे कीं खुद्द श्रमलेल्या दीनाची, हा भेद प्रस्तुत विषयांत क्षुल्लक नव्हे. अशा स्थळीं जुन्या वाचकानें काय वाचलें हें नागरी पोथी सांगूं शकेल. दोन्ही परंपरांचे पाठ समोरासमोर ठेवून केलेली संपूर्ण चिकित्सक आवृत्ति ही म्हणूनच आमची मुख्य मागणी आहे.

संग्राहकांस एक विनंति आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत व अन्य संस्थांत ज्या प्रती आहेत त्यांची नोंद झालेली आहे. परंतु साष्टी, बारदेश व कानडा येथील जुन्या घरांतून सुटीं बाडें अजून असण्याचा संभव आहे. अशी प्रत हातीं आली तर तिच्यावरील सन, लेखकाचें नांव व मालकांच्या सह्या यांबरोबरच आणखी कांहीं टिपून घ्यावें. कोणत्या पानांचे कोपरे बोटांनीं काळवंडले आहेत, शिवण कोठें सैल झाली आहे, मेण वा तेल कोठें सांडलें आहे, आणि कोणतीं पानें अद्याप कोरींकरकरीत आहेत, याची यादी अवस्वरूवार करावी. खंडनाचीं पानें स्वच्छ व यातनेचीं पानें मळलेलीं निघतात कीं उलट, हें कळल्यावर वरील विवेचन तपासून पाहतां येईल. प्रत बांधावयास देण्यापूर्वीं हें करावें; बांधणारा कडा कापतो, आणि त्यांबरोबर या खुणाहि जातात.